साठ माणसांचं जेवण, एका माणसाची हवा

हनुमंतरावांनी एकोजीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भाताच्या पेटीतून बाहेर येत होता.

सत्तावन्न सालचा मे महिना. हनुमंतराव हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवून नुकतेच मोकळे झाले होते आणि कुंभकोणमच्या या गल्लीत बिऱ्हाड हलवून आठवडाही झाला नव्हता. शेजारचं घर आपल्याच भाषेचं आहे असं कळलं, म्हणून दुपारची उन्हं कलल्यावर ते ओळख करून घ्यायला गेले. ओट्यावर गोमतीबाई वाती वळत बसल्या होत्या.

"एकोजीराव आहेत घरांत?"

"आहेत कीं. पत्तायमांत आहेत."

पत्तायम म्हणजे भात साठवायची जाड फळ्यांची पेटी, माणूस सहज आत बसेल एवढी. शेत गेल्यापासून या घरातली पेटी रिकामीच होती. हनुमंतरावांना वाटलं, झुरळं मारत असतील.

"काय करताहेत तेथें?"

"श्वास घेताहेत," गोमतीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नवल नव्हतं, राग नव्हता. खूप दिवस एकच उत्तर देऊन माणसाचा आवाज जसा होतो तसा होता. "दोन वाजल्यापासून. पांचाला दार उघड म्हणालेत. मधें ठोकलें तरी उघडूं नको म्हणालेत. बसा मास्तर, कॉफी आणतें."

पाचाला गोमतीबाईंनी फळी सरकवली. आतून एक किडकिडीत, चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा माणूस घामानं निथळत बाहेर आला. शर्टाला ॲसिडची भोकं, एका हातात वही, दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्याच मनगटावर. समोर परका माणूस पाहूनही त्यानं आधी वहीत आकडा लिहिला.

"नाडी ब्याण्णव. डोकं जड," तो म्हणाला, आणि मग नमस्कार केला.

"अंधारात लिहिणं जमतं?" हनुमंतरावांनी विचारलं. "दिवा तरी न्यायचा."

"दिवा कसा नेणार, सर? दिवा हवा खातो."

हे वाक्य हनुमंतरावांना पुढे पुष्कळदा आठवलं.

एकोजी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये अटेंडर होता. सकाळी पावणेसातला लॅब उघडायची, बर्नरसाठी गॅसचं यंत्र चालू करायचं, बाटल्या भरायच्या, मुलांनी फोडलेल्या नळ्या उचलायच्या, उरलेल्या धुवायच्या. बावीस वर्षं हेच. त्याआधी पहाटे पाणी भरायचं आणि आईला उठवून बसवायचं. भागीरथीबाईंना दमा होता आणि दोन वर्षांपासून त्या अंथरुणालाच होत्या. संध्याकाळी आईला पुन्हा कुशीवर वळवायचं, पाठ चोळायची. या सगळ्यातून साडेचार ते सहा एवढा वेळ त्याच्या वाट्याला येई. तेव्हा मुलं गेलेली असत. लॅबच्या ओल्या कट्ट्याशी उभा राहून तो जुन्या रेकॉर्ड-वह्यांच्या कोऱ्या पाठींवर गोष्टी लिही. बसला तर झोप लागते, म्हणून उभा.

गोष्टी तमिळमध्ये, कारण वाचणारे तमिळ. विषय एकच. माणूस पृथ्वीबाहेर अडकला तर जगेल कसा, आणि जगता जगता लोकांना हसवेल कसा. चार-पाच गोष्टी मद्रासच्या एका साप्ताहिकात येऊन गेल्या होत्या. आता संपादक कृष्णमूर्तींनी त्याला पहिल्यांदाच क्रमशः कादंबरी मागितली होती. जुलैत सुरू, दीपावली अंकात समाप्त.

कादंबरीचा नायक रंगा, लग्नघरचा आचारी. आपल्याकडे वऱ्हाड यायच्या आदल्या दिवशी आचारी लग्नघरी पोचतो, चूल मांडतो, भाजी चिरून ठेवतो. तसंच, चंद्रावर मोठं शास्त्रज्ञ-मंडळ जायचं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी सांगितलं होतं की जेवणाची सोय आधी झाल्याशिवाय आम्ही निघणार नाही. म्हणून रंगाला एकट्याला पुढे धाडलं. साठ माणसांचं तांदूळ-डाळ-तेल, मोठमोठी पितळी भांडी, पिंपांनी पाणी, सगळं बरोबर. हवा मात्र एका माणसाची, नव्वद दिवसांची. मंडळ आपली हवा आपण आणणार होतं.

आणि मंडळ येईना. आधी एक खिळा सापडेना. मग कमिटी बसली. मग तमिळांचा आडी, म्हणजे आषाढ, लागला. आडीत शुभकार्याला कोण निघतं? रेडिओवरून रोज निरोप येई, "स्वयंपाक तयार ठेवा, निघतोच आहोत." रंगा साठ माणसांच्या जेवणासमोर एकटा बसून श्वास मोजत होता.

हनुमंतरावांनी पहिले तीन भाग वाचले आणि आपण होऊन म्हणाले, "आकडे मी तपासून देत जाईन." एकोजीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी त्याच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला असावा.

तेव्हापासून गणित दोघांचं झालं. रंगानं उन्हात वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घातले तर किती वेळात वाळतील? बाहेर हवाच नाही, तेव्हा वाळायच्या आधी उकळून फुटतील. रंगाचे फुटले आणि त्यानं चंद्राला दोन पानं शिव्या दिल्या. कॉफीचं डिकॉक्शन फिल्टरमधून गळायला किती वेळ लागेल? चंद्राची ओढ सहावा हिस्सा. एकोजीनं काचेच्या नळीत कॉफीची पूड दाबून भरली, नळी जवळजवळ आडवी केली, आणि किती अंश कलली म्हणजे ओढ सहाव्या हिश्शाची होईल ते हनुमंतरावांनी काढून दिलं. साडेनऊ अंश. डिकॉक्शन तिन्हीसांजेपर्यंत थेंब थेंब येत राहिलं.

"ही कॉफी प्यायची आहे कीं नुसती मोजायची आहे?" गोमतीबाईंनी विचारलं. "चार दिवसांची पूड गेली त्या नळींत."

"रंगालाही असाच राग आला, गोमती. लिहून घेतो."

"माझें नांव घालूं नका म्हणजे झालें."

श्वासातली वाईट हवा कशी काढायची, याचं उत्तर एकोजीला पानाच्या तबकात सापडलं. साठ माणसांच्या विड्यांसाठी रंगाबरोबर चुन्याची पोतीच्या पोती होती, आणि चुना वाईट हवा पिऊन टाकतो. ज्या भागात रंगा झोपडीभर चुन्याची ताटं मांडून मधोमध आडवा होतो, तो भाग आला तेव्हा स्टेशनवरच्या पेपरवाल्याकडचे अंक दुपारपर्यंत संपले. तिरुविडैमरुदूरच्या एका औषधवाल्यानं चुन्याचं वजन तपासून बरोबर असल्याचं कळवलं. तिरुप्पनंदाळहून एकानं विचारलं, चंद्रावर एक दिवस महिन्याएवढा, तर रंगानं एकादशी केव्हा धरायची? एकोजीनं प्रत्येक पत्राला उत्तर दिलं.

स्वयंपाकाला जाळ नको म्हणून त्यानं रंगाला मोठा आरसा दिला होता. उन्हाची तिरीप भांड्यावर पाडायची. एकदाच काडी ओढावी लागली होती, तर त्या एका काडीनं खाल्लेली हवासुद्धा हनुमंतरावांनी वजा केली होती.

"पुस्तक काढायचा विचार आहे," कृष्णमूर्तींचं ऑगस्टात पत्र आलं. एकोजीनं ते हनुमंतरावांना दाखवलं, घडी घातली, परत उघडून दाखवलं. "कॉलेजच्या लायब्ररीत एक प्रत राहील, सर. पाठीवर नंबर घातलेली. बावीस वर्षं मी तिथं बाटल्यांवरच चिठ्ठ्या चिकटवतोय." बाकी काही त्याला नको होतं, आणि हे मात्र फार हवं होतं.

दर गुरुवारी अंक आला की तो आईपाशी बसून वाचे. डोळे तमिळवर, तोंडातून घरची भाषा. हनुमंतराव खांबाला टेकून ऐकत. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा असाच गुरुवार. त्याच आठवड्यात रशियानं खरा उपग्रह सोडला होता आणि गल्लीतले लोक पहाटे माना वर करून उभे राहत होते. एकोजी मात्र त्या दिवशी फार दमला होता. वाचताना मधेच ओळ हरवे.

रंगाचा सत्तावन्नावा दिवस होता. तो आपल्या गणपतीसमोर बसून भांडत होता, "तूही त्या वऱ्हाडाच्याच जातीचा. येतो येतो म्हणतोस!"

भागीरथीबाई हसल्या, खोकल्या, आणि खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "एकोजी, तो दिवा कोठें ठेवतो रे?"

"कोणता दिवा?"

"गणपतीपुढचा. पहिल्या दिवशीं लावला नाहीं कां? मला धाप लागते तेव्हां गोमती आपला दिवा उचलून मागच्या अंगणांत नेते. तेवढेंच बरें वाटतें. त्याला तर अंगण नाहीं."

एकोजीनं ट्रंकेतून जुलैचा अंक काढला. दुसरा भाग, पहिलंच वाक्य. सामान उतरवायच्या आधी रंगानं काडी ओढली आणि गणपतीपुढे दोन वातींचा दिवा लावला. त्यानंतर अकरा भागांत तो दिवा कुणीही शांत केला नव्हता. कोण करेल? देवापुढचा दिवा. तो जळतो असं कोणाच्या मनातही येत नाही. तो असतो. काडी मोजली होती. काडीनं जे पेटवलं ते मोजायचं राहिलं होतं.

हनुमंतरावांचे कान तापले. वहीतला प्रत्येक आकडा त्यांच्या हातून गेला होता. पत्रं लिहिणाऱ्या इतक्या लोकांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. त्यांच्याही घरी दिवा होताच.

"मग विझ—" गोमतीबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. तो शब्द दिव्यासाठी उच्चारायचा नसतो.

"निरोप द्यायला सांग त्याला," भागीरथीबाई म्हणाल्या. "देव अंधाराला भीत नाहीं. भितों आपण."

दुसऱ्या दिवशी एकोजीनं घरचा दोन वातींचा दिवा तेलासकट लॅबच्या तराजूवर ठेवला, तासाभरानं पुन्हा तोलला, आणि कागद घेऊन हनुमंतरावांकडे आला.

"तासाला सहा ग्रॅम तेल, सर. म्हणजे दिवा अर्ध्या माणसाची हवा खातो."

हनुमंतरावांनी मांडलं. नव्वद दिवसांची हवा. सत्तावन्न दिवस दीड माणूस तिच्यावर जगला. उरली साडेचार दिवसांची. मंडळाचं यान उतरणार शहाऐंशीव्या दिवशी. ते पुन्हा पुन्हा मांडत राहिले. साडेचारच येत होते.

"दिवा आज शांत केला तरी रंगा बासष्टाव्या दिवशीं गेला," एकोजी म्हणाला. तो ओट्यावर बसला. त्याला असं खचून बसलेलं हनुमंतरावांनी कधी पाहिलं नव्हतं.

"काही उपाय?"

"आहे, असं वाटतं. पाणी आहे त्याच्याकडे, साठ माणसांचं. पाण्यात विजेचा प्रवाह सोडला की प्राणवायू सुटतो, ते आम्ही लॅबमध्ये दरवर्षी दाखवतो. रोज दीड शेर पाणी पुरे. पण वीज? आरशानं भांड्यात वाफ होईल, वाफेवर चाक फिरेल, चाकावर डायनामो... तो किती मोठा हवा? रात्र चौदा दिवसांची, तेव्हा काय? मला विजेतलं कळत नाही, सर. शिकायला पाहिजे. सहा आठवडे तरी."

त्यानं संपादकांना लिहिलं. चूक माझी आहे, ती पुढच्या अंकात छापा, आणि मला सहा भाग वाढवून द्या, मी रंगाला सरळ मार्गानं वाचवतो.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. कृष्णमूर्ती सज्जन माणूस होता. त्यानं लिहिलं होतं, आमच्या एकाही वाचकाच्या हे लक्षात आलेलं नाही. आकाशात खरा उपग्रह फिरतो आहे, लोकांना आता पुढचं काहीतरी हवं. शिवाय दीपावली अंकात कथा संपेल असं आम्ही जाहीर केलं आहे. दिव्याचं आपल्या मनात ठेवा, यान उतरवा, पौषात पुस्तक काढू.

एकोजीनं पत्र वाचून दाखवलं. मग चौतीस वर्षं मुलांनी रीत दाखवल्याशिवाय उत्तराचे मार्क न देणारे हनुमंतराव म्हणाले, "राहूं दे एकोजी. कोणाला कळणार आहे?"

"आईला कळलं कीं, सर."

तो रागानं म्हणाला नव्हता. नळ बंद कर म्हणावं तसं म्हणाला.

शेवटचा भाग एकोजीनं दोन संध्याकाळींत लिहिला. त्यात रंगा तांदळाच्या पिठानं फरशीवर गणित मांडतो, दिवा मोजायचा राहिला हे त्याला उमगतं, आणि तो हसत सुटतो. एवढ्या मोठ्या चंद्रावर अर्धा पाहुणा जेवत होता आणि आचाऱ्याला पत्ता नाही! मग तो सुकलेल्या फुलाची पाकळी भुकटीच्या दुधात बुडवून वातींवर ठेवतो आणि दिव्याला निरोप देतो. अंधारात थोडा वेळ बसतो. शेवटच्या ओळीत तो धोतर खोचून पाण्याच्या पहिल्या पिंपाचं झाकण उचलतो. बस, एवढंच. हनुमंतरावांना वाटलं, सगळ्या कादंबरीत इतकं चांगलं पान दुसरं नाही.

दीपावली अंक आला. दिव्याचा मजकूर त्यात नव्हता. सणाच्या अंकात देवापुढचा दिवा शांत होणं कोण छापेल? त्याऐवजी आठ ओळी होत्या, दुसऱ्याच कुणाच्या हातच्या. खिडकीत प्रकाश दिसला, यान उतरलं, मंडळी पंक्तीला बसली.

गल्लीत ज्यानं त्यानं अभिनंदन केलं. "जेवलें कीं शेवटीं वऱ्हाड!" म्हणून प्रिन्सिपॉलांनीसुद्धा त्याला थांबवलं. एकोजी सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिला. चौथ्या दिवशी त्यानं कृष्णमूर्तींना एक कार्ड टाकलं. पुस्तक काढू नये, रंगा अजून वाचलेला नाही.

"एवढा हट्ट कशाला?" गोमतीबाई म्हणाल्या. "तो खरा आहे काय कोणी?"

"नाही."

"मग?"

"हवा खरी आहे, गोमती."

सासूबाईंना कुशीवर वळवायची वेळ झाली होती, दोघं उठून आत गेले.

याला आता दोन वर्षं होत आली. साप्ताहिकात तेव्हापासून तीन कादंबऱ्या येऊन गेल्या, त्यांतली एकही एकोजीची नाही. कृष्णमूर्तींचं पोंगलला एक कार्ड येतं, एकोजी एक पाठवतो. मागच्या पावसाळ्यात भागीरथीबाई गेल्या. शेवटच्या महिन्यात त्या दिवा दिवसभर मागच्या अंगणातच ठेवायला सांगत, आणि अंथरुणावरून मान वळवून तो दिसतो का पाहत.

रंगा सत्तावन्नाव्या दिवसावरच थांबला आहे. परसात लोणच्याच्या दोन बरण्या पाण्यात पालथ्या घातलेल्या असतात, त्यांच्यातून तारा निघालेल्या असतात. प्राणवायूचे बुडबुडे येतात, पण थोडे येतात. हनुमंतराव रविवारी जाऊन ते मोजायला मदत करतात. मधेच एकोजीचा डोळा लागतो, तेव्हा ते त्याला उठवत नाहीत, आकडा आपणच वहीत लिहितात. आकडा पुरेसा कधीच नसतो. मार्च महिन्यात तो दुप्पट झाला होता, तर ते मोजण्यातली चूक निघाली. ती चूक हनुमंतरावांचीच होती आणि त्यांनीच ती शोधली.

गेल्या जूनमध्ये एकोजीनं स्वतः अर्ज करून फिजिक्स लॅबमध्ये बदली मागून घेतली. पगार तोच आहे, जिने दोन जास्त आहेत. बॅटऱ्या तिथे असतात.